टावेलाचे मानकरी

आमच्या शेजारच्या राठोड सरांना दाढी करायला चार माणसं लागत. एक आरसा धरायला, एक गरम पाण्याचा मग धरायला, एक साबणाच्या डबीला, आणि टावेल धरायला आमचे हे. दाढी मात्र सर स्वतःच करत. मग ही वरात कशाला, असं विचारायची सोय नव्हती.

घाटंजीत सरांनी जन्मभर इतिहास शिकवला. युरोपातल्या अनियंत्रित राजेशाहीचा धडा आला की त्यांच्या अंगातच यायचं. फ्रान्सचा तो सूर्यराजा म्हणजे जणू सरांच्या तांड्यावरचा सोयरा! सर निवृत्त झाले, पण धडा काही संपला नाही. रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून दरबार. माणूस फाटकातून आत आला की आरोळी, "दिसला!" इकडे स्वयंपाकघरात माझ्या हातातली पोळी निसटायची.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडअळीनं शेतं खाल्ली, जिनिंगच्या कारखान्याला माल येईना, आणि आमचे हे जिथं वजनकाट्यावर कामाला होते त्या जिनिंगला कुलूप लागलं. ह्यांनी बोलणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, उठा म्हटलं की उठायचे. भांडायचीसुद्धा सोय उरली नाही, बाई. तालुक्यात कुठून ना कुठून वाईट बातमी यायची, आणि मी ह्यांच्याकडे पाहत बसायची.

अशात सरांनी एक दिवस दारातूनच फर्मान सोडलं, "सुधाकर, उद्यापासून टावेल तुह्याकडं."

माझं डोकंच फिरलं. ज्या माणसानं घरात स्वतःचा ओला टावेल खाटेवरून कधी उचलला नाही, त्यानं सरांचा धरायचा? मी तरातरा गेले. "सर, टावेल खुंटीले टांगता येत नाही काय?"

"खुंटीले मान कळत नाही, वयनी," सर म्हणाले आणि तिथंच तास सुरू केला. "त्या राजानं लहानपनी सरदाराइचं बंड पायलं. राजधानी सोडून पळा लागलं. मंग मोठा झाल्यावर त्यानं सारे सरदार गढ्याइतून उचलले न् महालात आनून बसवले. कोनी सदरा द्यायचा, कोनी मेनबत्ती धरायची. फौजा बाळगनारे लोक मेनबत्तीसाठी भांडू लागले! बंडाले सवड कुठी? न् जो आला नाही, त्याचं नाव निघालं की राजा म्हने, हा मानूस मले दिसत नाही. बस, खतम!"

"लय चांगला होता जसा!"

"चांगला कायचा? रयतेच्या जिवावर मिरवला. पन एक गोष्ट मी त्याची घेतली. मानूस नजरेआड होऊ देला नाही त्यानं."

म्हातारा चळला, असं म्हणत मी घरी आले.

पण काय सांगू! हे तो टावेल घरी आणून स्वतः धुवायला लागले. वाळवून, घडी घालून खांद्यावर. आरसेवाले रहीम मिस्त्री गॅरेज उघडायच्या आधी यायचे. त्यांनी एकदा टावेल मागितला तर हे म्हणाले, "नियमात बसत नाही." घरी येऊन ते भांडण मला रंगवून सांगितलं. किती महिन्यांनी बोलले होते!

मग एका सकाळी मी उठले तर हे नव्हते. गेले असतील दरबारात, म्हणून चहा टाकला. तेवढ्यात फाटकात सर. बनियनवर, अनवाणी, एका गालाला साबण.

"वयनी, सुधाकर काहून नाही दिसला?"

"तुमच्याकडंच आले ना?"

सरांचं तोंड उतरलं. ते पळत सुटले. बाजाराचा दिवस होता. भाजीच्या दुकानांमधून पुढे साबण लावलेले सर, मागे हातात आरसा घेतलेले रहीम मिस्त्री, त्यांच्या मागे मी. लोक हसत होते. मी धावत होते.

बंद जिनिंगच्या मागे विहीर आहे. हे काठावर बसले होते, पाय आत सोडून. खांद्यावर सरांचा टावेल, घडी केलेला.

मी ओरडणार, तर मिस्त्रींनी माझा हात धरला. सर हळूहळू जवळ गेले, धापा टाकत खाली बसले आणि गाल पुढे केला. "सुधाकर, साबन वाळून राह्यला. आग होते ना गालाची."

हे बघतच राहिले. मग पाय बाहेर काढले, टावेलाची घडी मोडली आणि सरांचा गाल पुसू लागले. पुसता पुसता हमसून रडले.

"दिसला," सर म्हणाले. आरोळी नव्हती ती.

परतताना सर माझ्या बाजूनं चालत होते. "तांड्यावर माहा धाकटा भाऊ होता, वयनी. येतो येतो म्हनत रायलो. गेलो तवा खांदाच द्या लागला." त्या दिवशी टावेल मी धुतला.

आता सरांना डोळ्यांनी काहीच दिसत नाही. दाढी हेच करून देतात. तरी रहीम मिस्त्री आरसा धरून उभे असतात, आपलं पद सोडायला तयार नाहीत. फाटक वाजलं की सर ह्यांची पावलं ओळखतात आणि आरोळी ठोकतात, "दिसला!"

ती ऐकल्यावरच मी चहा टाकते.