बायोडेटा साहेबांना दाखवून आलो

फौजेतून निवृत्त झाल्यावर माझ्या हातून एकच चूक झाली. (बायको म्हणते, "एकच?") नोकरीसाठी लिहिलेला बायोडेटा पाठवण्याआधी मी तो साहेबांना दाखवायला नेला.

"आता कसले साहेब? तेही तुमच्यासारखेच घरी बसलेत," बायको म्हणाली. खरंच होतं. पण पलटणीच्या ऑफिसात मी जन्मभर कारकुनी केली. साहेबांच्या नजरेखालून न गेलेला कागद मला कागदच वाटत नाही. आणि ही नोकरी मला हवीच होती. लेकीचं कॉलेज अर्ध्यावर होतं आणि पेन्शन महिन्याच्या मध्यावरच मान टाकत होती.

साहेबांनी वाचला. "झकास. कुठे पाठवतोयस?"

"ट्रान्सपोर्ट कंपनीत. गोदामाचा मॅनेजर हवाय त्यांना."

"मग माझाही लिहून टाक. घरी बसलो तर बाईसाहेब भाजी निवडायला लावतात."

लिहिला. आता त्यात घालणार काय? सामानाचा हिशेब मी ठेवायचा, सही त्यांची. ट्रकांचं वेळापत्रक मी आखायचं, सही त्यांची. म्हणजे दोघांचा अनुभव एकच निघाला. फक्त त्यांचा मी जरा जास्त मन लावून लिहिला. (सवय, दुसरं काय!)

मुलाखतीला कंपनीतल्या बाईंनी आम्हा दोघांना एकत्रच आत बोलावलं आणि दोन्ही बायोडेटा शेजारी शेजारी ठेवले.

"तुम्ही यांचा उतरवलाय का?" त्यांनी मला विचारलं.

मी साहेबांकडे पाहिलं. म्हटलं, आता बोलतील.

"माझ्या हाताखालचा माणूस आहे," साहेब मायेनं म्हणाले. "मनाचा साफ आहे हो. उतरवला असेल, पण वाईट हेतूनं नाही. काय रे?"

"होय साहेब," मी म्हणालो. जळो माझी जीभ.

घरी आलो. बायको दारातच उभी होती.

"मिळाली का?"

"मिळाली."

तिचा चेहरा असा खुलला की मला पुढचं बोलवेना. "साहेबांना," मी म्हणालो.

ती नुसती दारातून बाजूला झाली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेवढ्यात फोन वाजला. साहेबच होते. सोमवारी रुजू व्हायचं होतं, आणि गोदामाचं काम कसं चालवायचं ते त्यांना रविवारपर्यंत लिहून हवं होतं.

"होय साहेब. होय साहेब."

बायकोनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"निदान बसून तरी बोला," ती म्हणाली. "उभं राहायचा पगार बंद झालाय आता."