चार बाय तीनमध्ये मावशी

सुमनमावशी माणसाला आधी मापतात, मग ओळखतात. घणसोलीच्या आमच्या सोसायटीत मी राहायला आलो त्या दिवशी त्या जिन्यात भेटल्या. वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "कंबर छत्तीस. नाव काय?"

मावशी साताऱ्याकडच्या. जन्मभर शिवणकाम केलं. आता मशीनवर बसणं होत नाही, पण गळ्यातली टेप काही उतरलेली नाही. बाजारात दुधीसुद्धा मापून घेतात. नवा सोफा जिन्यातून वर जाईल का, हे अख्खी सोसायटी त्यांनाच विचारते. कुणी काहीही ठासून सांगू लागलं की मावशींचं एकच, "मापलंय का?"

गेल्या वर्षी पालिकेने भटक्या जनावरांच्या निवाऱ्यासाठी पैशाची तरतूद केली आणि लोकांचं म्हणणं ऐकायला वॉर्ड ऑफिसात सभा ठेवली. मावशींनी मला ओढूनच नेलं.

हॉल तापलेला होता. तळवलीचे पाटीलकाका, चार चाळींचे मालक, उभे राहून गरजत होते. "आमच्या गाड्या रस्त्याव हायेत, नि कुत्र्यांना बंगलं? त्या पैशाचा पार्किंग करा!" टाळ्या पडल्या. पालिकेचे इंजिनीअर, तरुण पोरगेलासा माणूस, घाम पुसत समजावत होते, "बंगले नाहीत हो काका. साधे पिंजरे आहेत, चार फूट बाय तीन."

"मापलंय का?"

मावशी पुढे गेल्या. पिशवीतून शिंप्याचा खडू काढला, टेप लावून फरशीवर चौकोन आखला आणि त्यात मांडी घालून बसल्या. इकडे वळल्या तर गुडघा बाहेर, तिकडे वळल्या तर पदर बाहेर.

"सायेब, मी बसले. आता शेपूट कुठं ठिवू?"

सगळ्यात मोठ्याने पाटीलकाका हसले. जागा वाढवली तर पैसे पुरायचे नाहीत, असं साहेब म्हणाले. मावशींनी बसल्या जागेवरूनच नकाशा मागितला आणि त्यावर बोट ठेवलं.

"ही दारावरची कमान कुनी मागितली? कुत्र्यांनी?"

साहेबांनी नकाशा गुंडाळायला घेतला. मावशी उठेनात. शेवटी पाटीलकाकाच म्हणाले, "सायेब, ती कमान खोडा नि बाईला जागा द्या. गुडघं धरतील तिचं. पार्किंगचा मंग बघू."

कमान खोडली गेली. निवारा उभा राहिला. पिंजरे सहा फुटी झाले.

मावशी रोज दुपारी तिकडेच असतात, असं वॉचमनकडून कळलं, म्हणून परवा मीही गेलो. शेवटच्या पिंजऱ्यापाशी त्या स्टूल टाकून बसल्या होत्या. आत एक म्हातारा कुत्रा पडलेला. मागचे पाय धड नाहीत.

"यालाही पाळायला नेईल कुणीतरी, मावशी," मी म्हटलं.

"नको!" त्या पटकन बोलून गेल्या, आणि मग ओशाळल्या. "म्हंजे, न्यावं की. मीच नेला असता, पर जिना चढायचा न्हाई त्याला."

बंद व्हायची वेळ झाली. मावशींनी लुगडं झटकलं, गजांशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "येते रे." त्याने मान उचलली.

परतताना रिक्षात त्या गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत होत्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आमचं मालक गेल्यापासनं घरातनं निघताना मी नुसतं कुलूप लावायचे. 'येते' म्हनायचं कुनाला?"