खुर्चीमागचे वासूअण्णा

वासूअण्णांकडे खुर्ची मागितली की खुर्चीबरोबर वासूअण्णाही येत. नुसती खुर्ची त्यांनी कधी कुणाला दिली नाही. लग्न असो, सभा असो, नाहीतर आमच्या शाळेचा बक्षीस समारंभ. पाहुणा खुर्चीवर बसे आणि अण्णा एक हात पाठीच्या दांडीवर ठेवून मागे उभे राहत. महाडात नवा आलेला माणूस त्यांना पाहुण्यांचा पट्टेवालाच समजे.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. शाळेतलं कुठलंही कार्य शेवटी माझ्या अंगावर यायचं, कारण मी याद्या करते. हार, सतरंज्या, पाण्याचे तांबे, फुलपात्री, मांडवाचे दोर, आणि दर वेळी अण्णांची खुर्ची. शाळेच्या स्वतःच्या खुर्च्या होत्या, पण त्यांत न डुगडुगणारी एकही नव्हती.

अण्णांची खुर्ची होतीच तशी देखणी. शिसवी लाकूड, रुंद हात, वेताची बैठक. अण्णा जंगल खात्यात कारकून होते. पोलादपूरच्या डाकबंगल्यातलं जुनं सामान लिलावात निघालं, तेव्हा त्यांनी ती घेतली. कुठल्या तरी गोऱ्या साहेबासाठी केलेली असणार. पेन्शनीत निघाल्यावर ते महाडला आले ते दोन ट्रंका आणि ही खुर्ची घेऊन. बायको पोलादपूरलाच वारली होती, मूलबाळ नव्हतं. घरात ते एकटे. ते स्वतः मात्र पाटावर बसत. विचारलं तर म्हणत, "ती पाहुण्यांची."

पावसाळ्यात नदीचं पाणी गावात शिरायचं. आम्ही धान्य, कपडे, मुलांची पुस्तकं माळ्यावर टाकत असू. अण्णा खुर्ची दोरांनी तुळईला टांगत. खाली अण्णा आमटीभात जेवताहेत आणि डोक्यावर खुर्ची हलकेच झुलते आहे, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

"अण्णा, पूर आला तर तुमचं काय?" मी एकदा विचारलं.

"मला पाय आहेत."

"खुर्चीलाही आहेत की."

"तिला वापरता येत नाहीत," अण्णा म्हणाले आणि ताक प्यायले.

कार्यक्रमाच्या दिवशी खुर्ची आणायला आमचा शिपाई लखू जाई. वरंधचा गडी, अंगानं दणकट आणि तोंडानं त्याहून. खुर्ची त्याच्या डोक्यावर आणि अण्णा मागून सूचना देत, अशी मिरवणूक बाजारातून शाळेपर्यंत येई.

"लखू, पुढे फांदी आहे."

"बगितली."

"बघितलीस, पण वाकला नाहीस."

"अण्णा, तुमीच बसा ना वरती. वरनं सगला नीट दिसंल."

"मी बसत नाही तिच्यावर."

"ठावं हाय. म्हनून तर बोललो."

मांडवात खुर्ची ठेवली की पाहुण्यांची परीक्षा सुरू होई. "आधी मागे हात लावा. लागली? आता सावकाश बसा. मागे टेकू नका, खुर्ची जुनी आहे." प्रांतसाहेब आले तरी सूचनेत एक शब्द कमी होत नसे. भाषण कुणी काय केलं हे अण्णांना कधी सांगता आलं नाही, पण बसलं कोण कसं हे अचूक आठवे. "ते इन्स्पेक्टर ना? एका कुशीवर बसतात. मनात काहीतरी असतं त्यांच्या." "डॉक्टरीणबाई? काठावर. त्यांना कधी उठावं लागेल सांगता येत नाही." माझं बसणं त्यांनी कसं ठरवलं असतं ते मी विचारलं नाही. त्या खुर्चीवर बसायची माझ्यावर कधी वेळ आली नाही, हे बरंच झालं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी वाचनालयाच्या कार्यक्रमाला मुंबईहून एक व्यापारी पाहुणे आले. माणूस मनानं मोठा आणि देहानंही. अण्णा "आधी मागे हात" एवढं म्हणेपर्यंत ते बसले होते. करकर असा आवाज झाला, वेत फाटला आणि पाहुणे बैठकीतून खाली गेले. गुडघे हनुवटीला लागले. उठायला गेले तर खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली.

"साहेब, हलू नका," अण्णा म्हणाले. "हात दुखावतील."

"माझे नाही दुखत."

"तुमचे नव्हे. खुर्चीचे."

पाहुण्यांना सोडवायला लखूसकट चौघे लागले. त्यांनी सगळं हसण्यावारी नेलं. अण्णांनी मात्र तुटलेले वेत गोळा करून खिशात घातले आणि खुर्ची स्वतः उचलून घरी नेली.

पुढे लग्नसराई आली. एकदा संध्याकाळी मी त्यांच्या दारावरून चालले होते. पलीकडच्या आळीत सनई वाजत होती. अण्णा काळा कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून ओटीवर उभे होते.

"लग्नाला निघालात?"

"नाही."

"का? बोलावणं असेल की."

"खुर्ची मोडली आहे, बाई. काय घेऊन जाऊ?"

कोट काढायला ते आत गेले. मी बाजाराकडे वळले. इतक्या वर्षांत अण्णांना कुणी नुसतं "या" म्हटल्याचं मला आठवेना. सगळे म्हणायचे, "खुर्ची हवी होती."

खुर्ची दुरुस्त करायचं त्यांनी मनावर घेतलं. वेत विणणारा एक म्हातारा गावात होता, तो मुलाकडे मुंबईला गेला होता. तेव्हा अण्णांनी कापडाची बैठक करायचं ठरवलं. आमच्या बक्षीस समारंभाला ती तयार हवी, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. ओटीवर बसून त्यांनी काचेच्या तुकड्यानं जुनं पॉलिश खरवडलं. सुताराला बोलावून ढिले सांधे सरसानं चिकटवले आणि ते वाळेपर्यंत खुर्ची दोरीनं आवळून ठेवली. बैठकीच्या चौकटीवर खाटेची नवार उभी-आडवी ताणून बसवली. तिच्यावर गोणपाट, गोणपाटावर काथ्या, काथ्यावर पिंजलेला कापूस. लाकडाला लाखेचं पॉलिश दिलं. लखू शाळा सुटल्यावर जाऊन नवार ओढून धरायचा आणि वर म्हणायचा, "अण्णा, येवडी मेहनत घेतलीत. आता हिचा लगीनच लावा."

कापड घ्यायला अण्णा मला घेऊन गेले. दुकानदारानं ठाणावर ठाणं उलगडली. अण्णा प्रत्येक कापड फळीवर पसरत आणि त्यावर तळहात दाबून पुढे सरकवत.

"अण्णा, कोट शिवायचाय का?" दुकानदारानं विचारलं.

"बसायचंय. हे घसरतं. पाहुणा भाषणाच्या मध्यावर पुढे येईल."

मी तपकिरी रंग सुचवला. धूळ दिसत नाही.

"धूळ दिसली पाहिजे," अण्णा म्हणाले. "दिसली तर पुसता येते."

शेवटी जाड किरमिजी कापड घेतलं. पितळी टोप्यांचे खिळे ठोकून त्यांनी ते स्वतः बसवलं. मी दुरुस्त झालेल्या वस्तूंचं सहसा कौतुक करत नाही, पण खुर्ची पूर्वीपेक्षा चांगली दिसत होती.

आणि त्याच आठवड्यात गावच्या मुंबईकर मंडळींनी शाळेला लोखंडी घडीच्या खुर्च्या भेट पाठवल्या. ट्रकमधून उतरवताना लखूचं बोट चेमटलं. बाकी त्यांत नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. समारंभाच्या यादीतून खुर्चीची ओळ गेली. ते अण्णांना सांगायचं काम कुणी घेईना, म्हणून मी गेले. लखू बोटाला चिंधी बांधून बरोबर आला.

अण्णा फडक्यानं खिळ्यांच्या टोप्या पुसत होते.

"तयार आहे," ते म्हणाले. "लखूला सकाळीच पाठवा."

"पाहुण्यांसाठी खुर्च्या आल्या आहेत, अण्णा. लोखंडी."

ते एक टोपी जरा जास्तच वेळ पुसत राहिले.

"बरं झालं. शाळेची सोय झाली."

"तुम्ही या."

"मी कशाला?"

"बसायला. तुमची खुर्ची आणा, पहिल्या रांगेत ठेवा आणि तिच्यावर बसा."

"आणि मागे कोण?"

"मागे कुणी लागत नाही."

"लागतं, बाई," अण्णा शांतपणे म्हणाले. "नाहीतर बसलेल्याला कळणार कसं, की त्याला कुणी बसवलंय?"

त्यांनी पुढची टोपी पुसायला घेतली. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत.

समारंभाच्या दिवशी मी कामात होते. हार आले नव्हते आणि पहिलीच्या मुलींचं स्वागतगीत बिनसलं होतं. एवढ्यात फाटकातून लखू आला. डोक्यावर खुर्ची, मागे काळ्या कोटातले अण्णा. मी त्याला पाठवलं नव्हतं.

"वाटंत येक शबूद नाय बोलले," तो माझ्या कानाशी म्हणाला. "फांदी लागली, तरी नाय."

खुर्ची पहिल्या रांगेत ठेवली. अण्णा सवयीनं मागे जाऊन उभे राहू लागले, तर तिथं लखू आधीच उभा होता, चिंधी बांधलेला हात दांडीवर ठेवून. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग अण्णा वळसा घालून पुढे आले. मागे हात लावला. खुर्ची लागली, तसे सावकाश बसले.

पाहुणीबाईंचं भाषण लांबलं. तासाभरानं अण्णांची पाठ हळूहळू मागे कलू लागली. लखू खाली वाकला.

"अण्णा, मागं टेकू नका. खुर्ची जुनी हाय."

अण्णा ताबडतोब ताठ बसले.

मांडव रिकामा होताना मी त्यांना गाठलं. "कसं झालं भाषण?"

"भाषण काही ऐकलं नाही," अण्णा म्हणाले. त्यांचा तळवा अजून खुर्चीच्या हातावर फिरत होता. "उजवा हात जरासा उंच आहे, बाई. इतकी माणसं बसून गेली, मला कुणी सांगितलं नाही."