काकूंचा गुडघा आणि काकांची मोजणी

"पाच... सहा... सात," काका म्हणाले. काकूंचा उजवा पाय पलंगापासून वीतभर वर थरथरत होता. त्यांनी तो खाली ठेवला, दम घेतला आणि पुन्हा उचलला. "चार," काका म्हणाले.

काकूंनी नुसते डोळे मिटून घेतले. सातनंतर चार येतात हे आता त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. चारनंतर पुन्हा पाच, सहा, सात आणि दिवस बरा असेल तर आठ. कालच्या दिवशी दहाचा आकडा गाठेपर्यंत पाय अडतीस वेळा वर गेला होता. हा खरा आकडा फक्त काकूंना ठाऊक होता आणि तो त्यांनी कुणालाही सांगितला नव्हता.

काकूंच्या गुडघ्यातली गादी पार झिजून गेली होती. दीड महिन्याने सांधा बदलायचा होता. तोवर मांडीत ताकद आणली तर ऑपरेशननंतर लवकर उभं राहता येतं, असं फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावलं होतं. बाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या, पण हसत हसत घाम काढणाऱ्या. त्यांनी कागदावर चित्रं काढून दिली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, टाच सरकवत जवळ आणायची, पाय सरळ वर उचलायचा. सगळं दहा-दहा वेळा. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या काकांनी विचारलं, "आणि मी काय करायचं?"

"तुम्ही मोजायचं, काका," बाई म्हणाल्या. त्या बिचाऱ्या सहज बोलून गेल्या असतील. पण काकांनी चौतीस वर्षं कारखान्याचं गोदाम सांभाळलं होतं, आणि निवृत्त झाल्यापासूनच्या बारा वर्षांत त्यांना कुणी एक काम म्हणून सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पलंगाशी खुर्ची ओढून बसले. "चल, पाय सरळ ठेव तुझा," म्हणाले. "एक."

पहिला आठवडा झकास गेला. दुसऱ्या आठवड्यात गाडी रुळावरून घसरायला लागली. काकूंनी एकदाच टोकलं. "अहो, सात झाले होते की." काकांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. ते उठले आणि बाहेरच्या खोलीत पायात बूट घालून तासभर बसून राहिले. कुठे जायचं होतं ते त्यांनाही सांगता येईना. त्या दिवसापासून काकूंनी कानाला खडा लावला. काका म्हणतील तो आकडा.

याला आणखी एक कारण होतं. मुलगा परगावी राहायचा. गेल्या खेपेला आला तेव्हा त्याला साखरेच्या डब्यात बाबांचा चष्मा सापडला. जाताना तो हळूच म्हणाला, "आई, तुझ्या ऑपरेशनच्या वेळी मी बाबांना घेऊन जातो. आणि खरं सांगू का, नंतरही तिकडेच राहू देत. मी एक जागा बघून ठेवलीये. माणसं चांगली आहेत, पुढे बाग आहे."

"बाग कशाला हवीये त्यांना? त्यांना काही झालेलं नाही. माझे व्यायाम रोज तेच मोजतात. एक आकडा चुकत नाहीत."

"नक्की?"

"अगदी." काकू आयुष्यात फार थोडं खोटं बोलल्या होत्या, त्यामुळे त्यांना ते बेतानं बोलता येत नसे. "झोपेतसुद्धा चुकायचे नाहीत," असंही त्या वर म्हणाल्या.

या खोट्याची किंमत गुडघा मोजत होता. तिसऱ्या आठवड्यात तो टम्म सुजला. काकूंनी बर्फाची पिशवी बांधली आणि बाईंना फोन केला.

"किती वेळा करताय?"

"दहाच."

"मोजणारे पक्के आहेत ना?"

"एकदम पक्के."

"मग तुम्हाला दहा झेपत नाहीयेत. सहा करा."

काकूंना हायसं वाटलं. पण झालं भलतंच. दहा करायचे होते तेव्हा काका सातवरून चारवर येत. सहा करायचे म्हटल्यावर ते पाचवरून दोनवर यायला लागले, आणि सहा काही केल्या उगवेना. सूज वाढली. बाईंनी फोनवरच चार करायला सांगितलं. आता काकांना संशय आला. दहाचे सहा झाले, सहाचे चार झाले, म्हणजे मधल्या मध्ये कुणीतरी हात मारतंय. त्यांनी सकाळभर काकूंची उलटतपासणी घेतली आणि शेवटी निकाल दिला की कागदावर दहा लिहिलंय तर दहाच होतील.

मग काकूंनी डोकं चालवलं. एका वाटीत दहा बटणं घातली, शेजारी रिकामी वाटी ठेवली. "अहो, पाय वर गेला की एक बटण इकडून तिकडे टाकायचं. तोंडानं मोजायची कटकटच नको." काकांना युक्ती पसंत पडली. त्यांनी मनापासून पाच बटणं टाकली. सहाव्या वेळी त्यांनी दुसऱ्या वाटीतलं एक उचललं आणि पहिलीत परत ठेवलं.

"हे काय?"

"बाहेर गेलेला माल जमा नको व्हायला?" काका म्हणाले. त्या दिवशी पाय किती वेळा वर गेला हे काकूंनी मोजायचंच सोडून दिलं.

सूज उतरेना म्हणून बाई घरी येऊन समोर व्यायाम बघणार असं ठरलं. ही बातमी मुलाला कळली आणि तोही म्हणाला, "मी व्हिडिओ कॉलवर असतो. मलाही बघायचंय." काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. परीक्षा आपल्या गुडघ्याची नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं. रात्रभर विचार करून त्यांनी बेत आखला की काका सहापर्यंत नीट येतात, तेव्हा सहा झाले की कळ आली म्हणून ओरडायचं आणि पाय टाकून द्यायचा.

बाई आल्या. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. त्यात मुलाचा चेहरा, भुवया आक्रसलेल्या. काका इस्त्रीच्या शर्टात ताठ बसले होते.

"करा सुरू, काका," बाई म्हणाल्या.

एक, दोन, तीन. चार, पाच, सहा. "आई गं," काकू कळवळल्या आणि पाय खाली टाकला. "बास. कळ आली."

"चार बाकी आहेत," काका म्हणाले.

"अहो, दुखतंय."

"कागदावर दहा आहेत."

काकूंनी देवाचं नाव घेतलं आणि पाय उचलला. "सात," काका म्हणाले. मग आठ. मग नऊ. मग, शर्टाची कॉलर सारखी करत, दहा.

"काका तर घड्याळ आहेत," बाई म्हणाल्या. फोनमधला चेहरा सैल झाला. "ठीक आहे, आई," मुलगा म्हणाला. "मी उगाच घाबरलो. राहू देत बाबांना घरीच." त्यानं कॉल बंद केला आणि काकूंचा जीव भांड्यात पडला. बाईंनी मांडी दाबून पाहिली आणि त्या चकितच झाल्या. इतकी तयार मांडी त्यांनी या वयात पाहिली नव्हती. मग दहांत गुडघा का सुजावा, याचा विचार करत त्या चपला घालून गेल्या.

दार लावून काकू लंगडत पलंगापाशी आल्या. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं होतं, त्यांना हसू आवरत नव्हतं. "अहो, आज कसं बरोबर मोजलंत?"

"ती तपासणी होती. तपासणीच्या दिवशी घोळ करून चालतो का?"

"म्हणजे रोज मुद्दाम चुकवत होता?" काकूंना राग यावा की आनंद व्हावा हे कळेना. माणूस शाबूत होता. डोकं शाबूत होतं. गुडघ्याचा भोपळा झाला तर झाला. "का हो असं केलंत?"

काकांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दहा झाले की तुम्ही उठून आत जाता. मग मला इथे एकट्याला बसायला लागतं."

"तुम्ही?" काकू हसल्या. "आज एवढा मान?"

काका हसले नाहीत. ते संकोचून, परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "रागावू नका. तुम्हाला त्रास होतो ते दिसतं मला. पण माझी बायको येईपर्यंत कुणी सोबत असलं की बरं वाटतं."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. काकू पलंगावर हळूच बसल्या. सगळ्यांनी आकडे तपासले होते, त्यांनीसुद्धा. आकडे सगळेच्या सगळे जागेवर होते. तांब्याला टेकवलेला फोन अजून तिथेच होता. मुलाला फोन करायला हवा, असं काकूंना वाटलं, आणि त्यांनी तो उचलून उशीखाली ठेवला.

"कशी आहे हो तुमची बायको?" त्यांनी विचारलं.

"हट्टी आहे. दुखलं तरी सांगायची नाही कुणाला."

"आणि अजून आली कशी नाही?"

"येईल की." काकांनी खुर्ची थोडी जवळ ओढली. त्यांना जराही घाई नव्हती. "गुडघा दुखतो तिचा. वेळ लागतो तिला."

काकूंनी पदरानं डोळे पुसले. मग त्या आडव्या झाल्या, सुजलेला गुडघा सरळ केला आणि पाय वर उचलला.

"तोवर मोजा," त्या म्हणाल्या.