आईसाहेबांच्या हरपल्या गुलाबाची हकीकत

श्रीगजवदनास वंदन करून, कुलस्वामिनीचे स्मरण करून, जैसे घडले तैसे लिहितो. शके सोळाशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, माघ शुद्ध पंचमीचे दिवशी महाराज बागेत आले आणि बागेचे दरोगे येसाजी फुलारी यांस आज्ञा केली की, कैलासवासी आईसाहेबांच्या खिडकीखाली गुलाब होता, तो पुन्हा लावावा. येसाजींनी हात जोडून पुसिले, रंग कोणता, जात कोणती. महाराज म्हणाले, आम्ही तेव्हा पाच वर्षांचे, रंग ध्यानी नाही, परंतु हुंगावयास गेलो तो नाकास काटा टोचला, एवढे पक्के स्मरते. मग हुकूम जाहला की, चैत्र सरेपावेतो गुलाब ओळखावा, न ओळखिल्यास पगडी उतरोन ठेवावी. ती पगडी येसाजींच्या घरी तीन पिढ्यांची.

मग चहूकडे स्वार धाडिले, आणि गावोगावचे गुलाब कुंडीसहित पालखीत बसवून आणिले, आणि महाराजांनी एकेक हुंगिला, आणि एकेकाने नाकास टोचिले, आणि महाराज दरवेळी म्हणत, हे टोचणे ते नव्हे. ऐसे एकेचाळीस गुलाब जाहले. श्रीमुखावरील नाक वांग्याएवढे सुजले, त्यास हळद लाविली, मग दरबारी मंडळींनीही निष्ठेने आपापल्या नाकास हळद लाविली. ते समयी शेजारच्या राज्याचे वकील आले, ते इतकी पिवळी नाके पाहोन युद्धाची तयारी समजले आणि घाईने तह करून गेले. राज्यात आनंद जाहला. येसाजींस मात्र अन्न गोड लागेना.

चैत्राचे चार दिवस उरले असता येसाजी ओढ्याकाठी खिन्न बसले होते. तेथे गोजराबाई परटीण, पूर्वी आईसाहेबांची लुगडी धुणारी, वय सत्तरीपार, धुणे आपटीत होती. तिने दुःखाचे कारण पुसिले आणि ऐकोन म्हणाली, "दरोगेसाहेब, तो गुलाब आईसाहेबांना मुळीच खपत नव्हता. वासानं शिंका यायच्या. त्यांनीच उपटून टाकला, मी फांदी आणून या दगडामागं रोवली."

येसाजी धावले. पाहतात तो माथाभर झाड, फिकट गुलाबी फुले, पाकळीची कड मागे वळलेली, देठास तांबूस लव, काटा आकड्यासारखा वाकडा. ऐसी जात त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. मग महाराज पायी आले, वाकोन हुंगिले, काटा टोचला, आणि लागलीच शिंक आली, ती हुबेहूब आईसाहेबांच्या आवाजाची, इतकी की जुने सेवक दचकोन मुजऱ्यास वाकले.  महाराज डोळे पुसोन म्हणाले, "हाच."

मग येसाजींनी फांद्या नेल्या, चंदनमिश्रित मातीत लाविल्या, दूध घातले, आणि सगळ्या कुजल्या. गोजराबाई म्हणाली, "त्याला लाड सोसत नाहीत. धुण्याचं पाणी आणि चुलीतली राख घाला." येसाजींनी मान खाली घालोन तैसेच केले, तेव्हा नऊ फांद्यांस पालवी फुटली.

सारांश, गुलाब खिडकीखाली लागला, पगडी राहिली, तहही टिकला. दुसरे साली गोजराबाई निवर्तली. मग ओढ्याकाठच्या झाडास पाणी तुटो नये म्हणोन दरोगे येसाजी फुलारी रोज सकाळी पगडी फांदीस अडकवून आपले धोतर त्या दगडावर स्वहस्ते धुवीत असत. पाहिले ते लिहिले, लेखणी ठेविली.