रेलिंगच्या पलीकडचा प्राणी

दरीच्या उद्यानात रेलिंग ओलांडू नये, हे दंतवैद्याला पूर्णपणे मान्य होतं. त्याने ते ओलांडलंही नाही. बायकोचा फोटो काढताना मागे मागे सरकत तो रेलिंगच्या मोडक्या भागातून खाली गेला आणि हातभर रुंदीच्या कातळावर अडकला. त्याच्याखाली नदी दोऱ्याएवढी दिसत होती.

"अहो! लागलं का?" बायको किंचाळली.

"घोटा गेला बहुतेक. आधी कोणाला तरी बोलाव!"

पहारेकरी आला, त्याने वाकून पाहिलं आणि तो निवांत झाला. "बाई, रेलिंगच्या आत असतो तो पर्यटक. त्याला आम्ही बघतो. बाहेरचं सगळं वन्यजीव विभागाकडे."

"अहो, माणूस आहेत ते!"

"आत असताना होते."

वन्यजीव अधिकारी दुर्बीण घेऊन आले. त्यांनी दंतवैद्याचं बारकाईने निरीक्षण केलं आणि विभागाचं धोरण समजावलं: नैसर्गिक अधिवासात हस्तक्षेप करायचा नाही. बायकोने पाण्याची बाटली पर्सच्या पट्ट्याला बांधून खाली सोडायला घेतली, तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. "वन्यप्राण्यांना खाऊपिऊ घालणं गुन्हा आहे, बाई! एकदा सवय लागली की ते स्वतः हातपाय हलवत नाहीत."

एव्हाना गर्दी जमली होती. सकाळपासून उद्यानात कोणाला साधा ससाही दिसला नव्हता. पहारेकऱ्याने रांग लावली. बायकोने नवऱ्याला हाक मारली की चारी बाजूंनी लोक तिला गप्प करत, "अहो, ओरडू नका, बिथरेल तो!" एका निवृत्त मुख्याध्यापिकेने इतकं जवळून दर्शन दुर्मीळ असल्याचं सांगितलं. कोणीतरी त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे वळावं म्हणून खडा मारला.

दंतवैद्य कातळाला घट्ट धरून बसला होता. तेवढ्यात त्याच कातळावरून एक रानबकरी आली, त्याच्याकडे पाहून थबकली आणि वळून बाजूच्या भेगेतून वर चढू लागली. तिच्यामागे तोही रांगत निघाला.

"अरे, चालला! अडवा कोणीतरी!" रांगेत शेवटी उभा असलेला एक गृहस्थ कळवळून म्हणाला.

बऱ्याच अंतरावर दंतवैद्य वर पोहोचला. बायको धावत गेली आणि त्याला घट्ट धरून रडू लागली. तोही रडला. पहारेकऱ्याने दोघांचं आटपेपर्यंत सभ्यपणे वाट पाहिली आणि हात पुढे केला. "तिकीट?"

"सकाळी काढलं होतं!"

"ते सकाळचं. आत्ता तुम्ही बाहेरून आत आलात."

गर्दी हिरमुसून पांगली. इतका वेळ उन्हात उभं राहून शेवटी काहीच झालं नाही, अशी बहुतेकांची तक्रार होती. तुम्हाला या लोकांचा संताप आला असेल. येणं साहजिक आहे. पण तो पडेल म्हणूनच तुम्हीही इथवर वाचत आलात. तो पडला नाही, आणि पाहा, तुमचाच चेहरा पडला आहे.