चिंचणकरांची भरली वांगी

साल दोन हजार बारा. मला अडुसष्टावं लागलं होतं आणि आमचे शेजारी चिंचणकर भोपाळच्या टी. टी. नगरमधल्या एका दुकानात पलंगावर झोपले होते. पलंग अजून विकत घ्यायचा होता. दुकानदार बोलून गेला होता, "बाबूजी, ऐसी नींद आएगी कि पूछो मत." झालं! "पूछता कौन है? करके दिखाओ," म्हणत चिंचणकरांनी बूट काढले आणि दुपारभर घोरले. मी स्टुलावर बसून बूट राखले. उठल्यावर म्हणाले, "मान आखडली. नको."

चिंचणकर ग्वाल्हेरकडचे. मराठी बोलता बोलता हिंदीत घसरायचे. "करके दिखाओ" हा त्यांचा मंत्र. दूधवाल्याला आधी पेलाभर दूध पाजत. छत्रीवाल्याला छत्री उघडून नळाखाली उभा करत. डॉक्टरनं कडू औषध दिलं तर म्हणत, "एक चमचा तुम्ही, एक मी." डॉक्टरनं त्यांना बघून दवाखान्याचं दार ओढून घेतलेलं मी स्वतः पाहिलंय.

आम्ही दोघं एकाच सरकारी कारखान्यातून रिटायर. ते स्टोअरमध्ये क्लार्क, मी क्रेनवर. मी चौथी शिकलो. क्रेनला पाचवी लागत नाही, आणि कुणाला वाटत असेल लागते, तर त्यानं वर चढून बघावं. रिटायर झाल्यावर कारखान्याच्या टाउनशिपच्या कुंपणाला लागून आम्ही शेजारी शेजारी घरं बांधली.

घरांच्या मागे एक मोकळी जागा. फार पूर्वी तिथे भांड्यांवर मुलामा चढवायचा कुणाचा तरी लहान कारखाना होता, त्याचं विषारी पाणी तिथेच जिरलं. हे कळलं कधी, तर विहिरीचं पाणी तपासलं तेव्हा. मग तारा ठोकल्या, कवटीची पाटी लावली. पुढे सरकारनं पैसा दिला. खराब माती उपसून न्यायची, चांगली घालायची, वर बगीचा करायचा. ठेकेदार आला, नारळ फुटला, पेढे वाटले. पाहता पाहता लाल मुरूम पसरला, हिरवळ आली, झोपाळा आला. कवटीच्या जागी कमळाची पाटी लागली.

सगळी वसाहत खूश. चिंचणकर तेवढे, कुसुमवहिनी गेल्यापासून एकटेच, खिडकीत खुर्ची टाकून बसलेले.

"मधू, ट्रक भरून येताना पाहिले. भरून जाताना एक तरी पाहिलास?"

"नाही बुवा."

"मग माती काय उडून गेली? विषावर गालिचा घातलाय गधों ने. ती माती निघाल्याशिवाय मी मरत नाही."

"मग बरं आहे की. निघूच नये," मी म्हणालो. ते हसले नाहीत. तेव्हाच मला जरा चमकल्यासारखं झालं.

मंगळवारी कलेक्टरच्या कचेरीत जनसुनवाई असते, कुणीही जाऊन गाऱ्हाणं सांगावं. चिंचणकर इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, हातात स्टीलचा डबा. सोबत मी. समोर मोठे साहेब, बाजूला बगीच्याचा इंजिनियर आणि ठेकेदार.

"ज़मीन एकदम साफ़ है सर," इंजिनियर म्हणाला.

चिंचणकरांनी डबा उघडला. शेंगदाण्याचं कूट भरलेली वांगी, वर तेलाचा तवंग. सगळ्या कचेरीला भूक लागली.

"आपकी साफ़ ज़मीन के बैंगन हैं. गरम हैं. खाके दिखाओ."

इंजिनियर म्हणाला, "आज मंगल है, मेरा व्रत है." ठेकेदाराला वांग्याची अ‍ॅलर्जी निघाली. त्यांच्यामागच्या बाबूला कुणी विचारलंही नव्हतं, त्यानंही व्रत जाहीर केलं. भोपाळात हनुमानाचे एवढे भक्त मी एका जागी कधी पाहिले नव्हते.

मग इंजिनियर माझ्याकडे बघून कुत्सित हसला. "दादाजी, आप क्यों नहीं खाते? डर लगता है?"

डर? मला? साखळीला टनाचा लोखंडी गोळा टांगून साहेबलोकांच्या डोक्यावरून नेलेला माणूस मी! उचललं एक वांगं आणि देठापर्यंत खाल्लं. मग दुसरं खाल्लं. दुसरं रागानं नव्हे, चांगलं झालं होतं म्हणून.

मोठे साहेब इंजिनियरला म्हणाले, "इन्होंने तो खा लिया. अब आप लीजिए. व्रत मैं माफ़ करवा दूँगा."

इंजिनियरनं खुर्ची मागे सरकवली. शेवटी पुटपुटला, "सर, मिट्टी निकाली नहीं. ऊपर से ढक दी."

साहेबांनी तिथल्या तिथे हुकूम केला. ठेकेदाराचा पैसा थांबवा, सगळं उकरा, आणि माती भरून जाताना हे दोन दादाजी बघतील.

बाहेर आलो आणि माझी जीभ चुरचुरायला लागली. रिक्षात पोटऱ्या थंड पडल्या. मी म्हणालो, "पंत, कोलार रोडला माझ्या मुलीला फोन करा. घर तिच्या आईच्या नावावर आहे म्हणावं. आणि माझ्या तेराव्याला त्या इंजिनियरला बोलवू नका."

चिंचणकर इतके हसले की रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवली.

"अरे गाढवा, बिट्टन मार्केटची वांगी आहेत! तू हावरट. डबा उघडला की तू खाणार, हे मला ठाऊक होतं. तुला मी त्या मातीतलं घालीन?"

मी चार शिव्या दिल्या. ते हसत हसत डब्याचं झाकण लावायला लागले. मग हळू म्हणाले, "एकदा घालून झालंय, मधू. कुसुम तिथेच भाजी लावायची ना, विहिरीचं कळायच्या आधी. भेंडी, वांगी, घरोघर वाटायची. कळल्यावर तिनं धसका घेतला. शेवटी शेवटी मला ओळखायची नाही, पण विचारायची, 'अहो, माझं कुणाला बाधलं तर नाही ना?' मी नाही म्हणायचो. तिला पटायचं नाही. दाखवणार काय?"

घरी आलो, जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून मी चिंचणकरांकडे गेलो. ते चहा टाकत होते. त्यांच्याशी न बोलता आत गेलो, कुसुमवहिनींच्या फोटोपुढे ताठ उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "वहिनी, मी शेजारचा मधू. तुमची भाजी सगळ्यांत जास्त मी खाल्ली. नीट बघून घ्या."